मदत हवी आहे: मोसंबीच्या दोन वाणांवर मावा कमी-जास्त, फरक वाणाचा की नवतीचा (नव्या कोवळ्या फुटीचा)?

अंबडकर (जि. जालना)
आंबे बहाराची मोसंबी, लागवड ६ × ६ मीटर. चार ओळी न्यूसेलर, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड) रंगपूर लिंबू. लगत तीन ओळी साठगुडी, खुंट जंबेरी. ताण (बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी) एकाच दिवशी तोडला, ठिबकही एकच. साठगुडीच्या शेंड्यांवर काळा मावा गच्च, पानं वळलेली, खाली चिकटा. न्यूसेलरवर तुरळक. २२ नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरायच्या आहेत. मावा कमी म्हणून न्यूसेलरच घ्यावी का?

पैठणरोड
भाऊ, एवढ्यावरून वाण ठरवू नका. वाण वेगळा, खुंटही वेगळा, आणि नवती कुठं कधी फुटली ते लिहिलंच नाही. मावा वाढतो कोवळ्या शेंड्यावर. मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं टाकते, आणि उबदार हवेत आठवड्याभरात ती पिल्लंही व्यायला लागतात. नवती आठ दिवस आधी फुटली तर तिथला मावा एक पिढी पुढं जातो. पान जून झालं की पंखवाले निघतात आणि शेजारची ओळ धरतात. आज दिसणारी गर्दी निव्वळ तारखेची असू शकते.

वाणाचा फरक बघायचा तर वाढीचा वेग मोजा. बांधाकडची सोडून प्रत्येक वाणाची ८ झाडं घ्या. एकाच उंचीचा, एकाच दिशेचा ३ ते ५ सेंमी शेंडा निवडा. मऊ ब्रशनं जुना मावा, आणि मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपा यांची अंडी-किडे काढा. ३ बिनपंखी माद्या सोडून वर मलमलची पिशवी बांधा. २४ तासांनी माद्या काढा, एकच पिल्लू ठेवा. ते जन्मल्यापासून पहिलं पिल्लू टाकेपर्यंतचे दिवस म्हणजे 'द'. पुढचे तितकेच दिवस रोज पिल्लं मोजून काढून टाका, त्यांची बेरीज 'म'. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 'म'चा एलएन (ln बटण, नैसर्गिक लॉगॅरिदम) काढा, त्याला ०.७३८ नं गुणा, 'द'नं भागा. हे वायट आणि व्हाइट या संशोधकांचं माव्याच्या वाढीचा वेग काढायचं १९७७ सालचं सूत्र. उदाहरणार्थ द ७, म ४० असेल तर वेग ०.३९. द ८, म ३० असेल तर ०.३१. फरक किरकोळ वाटतो, पण दुप्पट व्हायला पहिल्याला पावणेदोन दिवस लागतात, दुसऱ्याला सव्वादोन.

चुकतं ते बहुधा माद्या आणण्यात. साठगुडीवरचा मावा तिथं रुळलेला असतो, न्यूसेलरवर सोडला की पहिले काही दिवस तो अडखळतो आणि वाण उगाच चांगला ठरतो. दोन्हींसाठी माद्या तिसऱ्याच झाडावरून, समजा कागदी लिंबावरून आणा. पिशवी उन्हाच्या बाजूला नको, आत तापतं. मोजणी संपेपर्यंत निंबोळी अर्कसुद्धा बंद.

अंबडकर
खुंटाचा एवढा फरक पडतो का?

कलमवाला
पडू शकतो. जोमदार खुंटावर नवती जास्त निघते, त्यात युरिया एकदम पडला की कोवळ्या फुटीतला रस माव्याला आणखी पोषक होतो. सफरचंदात तर लोकरी माव्यासाठी नॉर्दर्न स्पाय या जातीशी संकर करून एमएम मालिकेचे खुंट काढले, एमएम १०६ त्यातलाच. मोसंबीत मात्र खुंट निवडताना ट्रिस्टेझा (लिंबूवर्गीय झाडांचा विषाणूरोग) आणि मूळकूज आधी बघावी.

ट्रिस्टेझाचा विषाणू मावाच नेतो, आणि मावा कमी म्हणजे धोका कमी असं तिथं चालत नाही. पंखवाला मावा थोडा वेळ रस चाखून उडाला तरी विषाणू जाऊ शकतो. ज्या झाडावर तो टिकत नाही तिथं तो फिरतो जास्त. फवारणीनं ते थांबत नाही, म्हणून कलमं रोगमुक्त मातृवृक्षाच्या डोळ्यांची (कलमासाठी घेतलेल्या कळ्यांची) घ्या.

पैठणरोड
आणि नांग्या ज्या ओळीत, त्याच ओळीचा वाण आणि खुंट लावा, नाहीतर पुढं पाण्याचा मेळ बसत नाही. नवीन कलमं वर्षभर फुटत राहतात, मावा दोन्ही वाणांवर येणारच. त्यांना युरिया थोडाथोडा, चार-पाच हप्त्यांत द्या. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी ती तोडा, मुंग्या असल्या की ढालकिडे टिकत नाहीत.

अंबडकर
साठगुडीची नवती नऊ दिवस आधीची निघाली. पिशव्या सोमवारी बांधतो.