बुरशी झाली की 'इम्युनिटी वाढवा' सांगणं बंद करायला हवं

घोडबंदरची_लेक:
सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एक फॉरवर्ड फिरतोय. बुरशीचं इन्फेक्शन झालं की साखर-भात पूर्ण बंद करा बुरशी उपाशी मरते, वर काढा घ्या इम्युनिटी वाढते, गोळ्या लागत नाहीत. २०२१ ला कोविडनंतर बाबांना म्युकर, म्हणजे काळी बुरशी, झाला, डावा डोळा काढावा लागला, म्हणून मला हे वाचून गप्प बसवत नाहीये. तेव्हाही येणारा-जाणारा हेच म्हणायचा, यांची इम्युनिटीच कमी पडली. माझ्या मते हे अर्धवट आहे आणि आजारी माणसावर दोष टाकणारं आहे. बुरशी काय खाते यावर आपलं शरीर तिला ओळखेल की नाही हेसुद्धा ठरतं. तोंडात-आतड्यात राहणारी कॅन्डिडा बुरशीच घ्या, तिच्या पेशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान असतं आणि आपल्या पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ रिसेप्टर नेमकं तेच हेरतो. पण तिला लॅक्टेट, म्हणजे दह्यातल्या लॅक्टिक ॲसिडचंच रूप, खायला मिळालं की ती ते बीटा-ग्लुकान झाकून घेते, ॲबर्डीनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय. पेशी धडधाकट असून काय करणार, समोरचा शत्रू आहे हेच कळलं नाही तर?

तलावपाळी_वॉकर:
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण मत पटलं नाही. म्युकरचे बीजाणू हवेत असतातच, आपण सगळेच नाकातून आत घेतो, मग सगळ्यांना का नाही होत? शुगर वाढलेली, त्यावर स्टेरॉइड, म्हणूनच झाला ना बहुतेकांना? म्हणजे शरीरच कमी पडलं. मला १२ वर्षं डायबेटिस आहे, पाऊस असो काही असो तलावपाळीला फेऱ्या मारतो, आणि तुम्ही बुरशीला हुशार ठरवलंत की लोक शुगर सांभाळायचं सोडून देतील याची मला खरंच भीती वाटते.

वाशीची_मायक्रोवाली:
काका, शुगरचं तुमचं बरोबर, पण ती नुसती 'ताकद कमी' करत नाही. शुगर हाताबाहेर जाऊन रक्त ॲसिडिक झालं की ट्रान्सफेरिन या रक्तातल्या प्रोटीनने धरून ठेवलेलं लोह सुटतं, आणि म्युकर करणारी रायझोपस लोहासाठी आसुसलेली असते. वर वाढलेलं ग्लुकोज रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर जीआरपी-७८ नावाचं प्रोटीन वाढवतं, त्यालाच धरून ती आत शिरते. पूर्वी डायलिसिसच्या पेशंटना डेफेरोक्सामिन द्यायचे, अंगात साठलेलं लोह, ॲल्युमिनियम बाहेर काढायला. त्यांच्यात म्युकर दिसायला लागला, कारण रायझोपसने त्याच औषधाकडून लोह उचललं! ह्याला इम्युनिटी कमी म्हणून कसं भागेल? तिच्या ताटात आयतं वाढलं गेलं.

नौपाडा_केमिस्ट:
तिघांनाही एक सांगतो, राग मानू नका. हे लॅक्टेट-बिक्टेट लोकांपर्यंत गेलं की उद्या 'दही बंद करा' असा फॉरवर्ड येईल. माझ्या काउंटरवर रोज नायटा घेऊन लोक येतात, घाम, ओले कपडे, लोकलची गर्दी, आणि आधीच कुणाकडून तरी स्टेरॉइडवाली मिक्स ट्यूब लावून आलेले असतात. त्याने तिथली इम्युनिटीच दबते, लाली आणि खाज कमी होते, माणूस खूश, आणि खाली बुरशी पसरतेय. आता तर टर्बिनाफिनलाही दाद न देणारा नायटा आलाय, ते औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर बसतं तेच तिने बदललंय. लोकांना ट्यूबबद्दल सांगा, पेशीबिशी राहू द्या.

घोडबंदरची_लेक:
दादा, ट्यूबचं शंभर टक्के मान्य. पण पेशी राहू द्या म्हटलं की मग ती जागा फॉरवर्ड घेतो, आणि साखर बंदचं उत्तर तिथेच आहे. मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला, बुरशीशी लढताना स्वतःलाच ग्लुकोज लागतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅशच्या टीमने दाखवलं की कॅन्डिडा आजूबाजूचं ग्लुकोज संपवून टाकते आणि मॅक्रोफेज उपाशी मरतात, बुरशी मात्र दुसरं काहीतरी खाऊन तगते. इन्फेक्शन झालेल्या उंदरांना ग्लुकोज दिलं तर ते जास्त तगले. म्हणजे उपाशी ठेवायला जाल तर आधी कोण मरतं बघा. याचा अर्थ डायबेटिसवाल्याने गोड खावं असा नाही हो काका, शुगर प्रमाणात हवी, ना वर ना तळाला.

तलावपाळी_वॉकर:
लोहाचं मला माहीत नव्हतं. तरी माझ्यासाठी शुगर पहिली, बाकी नंतर, यावरून मी हलणार नाही. ग्रुपवर काय उत्तर दिलंत ते सांगा, आमच्याही ग्रुपवर आलाय तो फॉरवर्ड.

घोडबंदरची_लेक:
एवढंच लिहिलं, गोळ्या बंद करू नका, शुगर मोजत राहा, आणि शुगर वाढलेली असताना नाकातून काळं आलं किंवा एका बाजूचा गाल बधिर वाटला तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा. बाबांच्या गालाला मुंग्या येत होत्या तेव्हा आम्ही सहा दिवस काढा देत बसलो होतो.