लेक पडली की आधी माझ्याकडे बघते आणि मगच रडते. मी काय करू?

लेक चार वर्षांची आहे. दोन आठवड्यांपूर्वी घसरगुंडीच्या शिडीवरून, खालून दुसऱ्याच पायरीवरून, पाय सटकून पडली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण पडल्यावर तिने गुडघ्याकडे पाहिलंच नाही, आधी माझ्याकडे पाहिलं. मी किंचाळत धावत सुटले होते. माझा चेहरा बघितला आणि मग तिने भोकाड पसरलं. तेव्हापासून ती शिडीला हात लावत नाही. "मी पडेन ना" म्हणते.

हीच मुलगी चालायला शिकताना दिवसभर धडपडायची आणि उठून पुन्हा निघायची. मानसशास्त्रज्ञ करेन अ‍ॅडॉल्फ यांच्या २०१२ च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी १७ वेळा पडत होती. म्हणजे पडण्याची भीती ती जन्मतः घेऊन आलेली नाही. १९८५ च्या एका प्रयोगात वर्षाच्या मुलांसमोर काचेखाली खोलगट भाग दिसेल अशी मांडणी होती. आई हसरी असली की बरीच मुलं काचेवरून पलीकडे गेली, आईचा चेहरा घाबरलेला असला तेव्हा एकही गेलं नाही. हे वाचल्यापासून मला फार अपराधी वाटतंय.

डोक्याला मार लागला आणि शुद्ध हरपली, परत परत उलट्या झाल्या, झटके आले, गुंगी आली किंवा नाका-कानातून पाणी-रक्त आलं तर थेट दवाखाना, त्यात मी थांबणार नाही. प्रश्न रोजच्या खरचटण्याचा आहे.

नवरा म्हणतो, "काही नाही झालं, ऊठ!" तेही मला पटत नाही. झोंबत असतं तिला, मग काही झालं नाही कसं? मी आता धावण्याआधी एक श्वास घेते आणि "गुडघ्याला लागलं ना, दाखव" एवढंच म्हणते. "सांभाळून!" ऐवजी "दुसरा हात कुठे धरशील?" असं विचारायला लागलेय. पण दचकणं काही केल्या थांबत नाही, आणि ते तिला बरोब्बर दिसतं.

ज्यांचं मूल असं एकदा पडून बिचकलं होतं त्यांनी कृपया सांगा: तुम्ही त्याला परत शिडीकडे नेलंत, की ते आपणहून जाईपर्यंत थांबलात? किती दिवस लागले? आणि स्वतःचं दचकणं कुणी कमी करू शकलंय का?