मदत हवी आहे: कॉलेज रेडिओच्या जुन्या फाइल्स वाजत नाहीत

पहाटवारा
अमेरिकेत शिकत असताना मी विद्यापीठाच्या विद्यार्थी-रेडिओवर रात्री संगीताचा कार्यक्रम सादर करत असे आणि एफएमबरोबरच तो इंटरनेटवरूनही ऐकता येत असे. त्या काळातील फाइल्सची सीडी आता सापडली आहे, परंतु व्हीएलसी या प्लेयरमध्ये एकही फाइल वाजत नाही. शनिवारी आम्हा जुन्या निवेदकांचा ऑनलाइन मेळावा आहे आणि तिथे हा कार्यक्रम ऐकवण्याची माझी फार इच्छा आहे. कृपया लवकर उपाय सांगावा.

ध्वनिवेध
फाइल्सचा प्रकार, आकार आणि साधारण वर्ष सांगितल्याशिवाय उपाय सुचवणे कठीण आहे.

रानवाट
आभासी संगणकावर (संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेल्या दुसऱ्या संगणकावर) विंडोज ९८ बसवा आणि त्यात त्या काळचा रिअलप्लेयर चालवा. माझी जुनी ध्वनिमुद्रणे मी याच मार्गाने ऐकली.

पहाटवारा
फाइल्स रिअलऑडिओच्या, म्हणजे रिअलप्लेयरच्या ध्वनिप्रकारातल्या आहेत, १९९६ च्या सुमाराच्या. एवढ्यासाठी जुनी प्रणाली बसवण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

ध्वनिवेध
रिअलऑडिओच्या म्हणजे नावाच्या शेवटी ‘रॅम’ असलेल्या की ‘आरए’ असलेल्या, हे अजून समजले नाही आणि सारे त्यावरच अवलंबून आहे. ‘रॅम’ फाइलमध्ये आवाज नसतोच. ती साध्या मजकुराची फाइल असून तिच्यात केवळ सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो, जेणेकरून ब्राउझरने ती प्लेयरकडे सोपवावी आणि प्लेयरने त्या पत्त्यावरून आवाज मागवावा. नोटपॅडमध्ये उघडल्यावर ‘पीएनएम’ने (रिअलऑडिओ सर्व्हरच्या पत्त्याची सुरुवात) सुरू होणारी ओळ दिसली, तर तो सर्व्हर बंद झाल्यावर कोणताही प्लेयर, जुना असो वा नवा, ती वाजवू शकणार नाही.

कोरा_कागद
इंटरनेटवर सर्वप्रथम आलेल्या रेडिओ केंद्रांत चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डब्ल्यूएक्सवायसी हे केंद्र अग्रणी मानले जाते. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी त्यांनी सीयू-सीमी या दृश्यसंवादाच्या सॉफ्टवेअरमधून प्रक्षेपण सुरू केले. जॉर्जिया टेकच्या डब्ल्यूआरईकेनेही त्याच सुमारास स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरने सुरुवात केली होती, त्यामुळे या मानावरून मतभेद आहेत. रिअलऑडिओ आले ते एप्रिल १९९५ मध्ये.

रानवाट
माहिती रंजक आहे, पण प्रश्न पहिल्या केंद्राचा नाही. शिवाय ‘रॅम’बद्दलचे म्हणणे मान्य केले, तरी खरा आवाज असलेली फाइल मिळाल्यास ती मूळ प्लेयरमध्येच ऐकावी, या मतावर मी ठाम आहे.

पहाटवारा
बहुतेक फाइल्स ‘रॅम’ आहेत आणि प्रत्येकीत खरोखर एक-एक ओळच आहे. वाईट वाटले. मात्र एका वेगळ्या फोल्डरमध्ये ‘आरए’ प्रकारची एक फाइल आहे, आकार साधारण साडेतीन एमबी. एवढ्याशा फाइलमध्ये पूर्ण कार्यक्रम असणे शक्य आहे का?

ध्वनिवेध
नक्कीच शक्य आहे. १४.४ च्या (सेकंदाला १४.४ किलोबिट वेगाच्या) मोडेमसाठी असलेले रिअलऑडिओ सेकंदाला ८ किलोबिट, म्हणजे सुमारे १,००० बाइट वापरत असे. त्या हिशेबाने तासाभराचा कार्यक्रम ३.६ एमबीत बसतो. एफएफएमपेग या ध्वनी-चित्र रूपांतराच्या सॉफ्टवेअरला हा प्रकार वाचता येतो. आधी सीडीवरील फाइलची प्रत करून घ्या आणि त्या प्रतीचे वेव्ह फाइलमध्ये रूपांतर करा. विंडोज ९८ बसवण्याची काहीही आवश्यकता नाही.

रानवाट
रूपांतरात काही बिघडले, तर ते कळणार कसे? म्हणूनच मूळ प्लेयरशी ताडून पाहावे, असे मी म्हणतो.

ध्वनिवेध
मूळ फाइल तशीच राहते, त्यामुळे ताडून पाहणे मेळाव्यानंतरही करता येईल. शनिवारपर्यंत तरी सोपा मार्ग धरावा.

पहाटवारा
फाइल वाजली! माझ्या सहनिवेदकाचा आवाज अगदी स्पष्ट ओळखू येतो, मात्र गाणी दबलेली आणि खरखरीत ऐकू येतात. ती सुधारता येतील का?

कोरा_कागद
आवाज स्वच्छ करण्याची सॉफ्टवेअर आता सहज मिळतात, त्यांतील एखादे वापरून पाहा.

ध्वनिवेध
त्यांचा इथे फारसा उपयोग होणार नाही. त्या प्रकारात सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे स्वर फाइलमध्ये कधी आलेच नाहीत, शिवाय ते संकेतन मानवी बोलण्यासाठी घडवलेले होते, संगीतासाठी नव्हे. गाणी चांगली ऐकवायची असतील, तर केंद्रात त्या प्रसारणाची कॅसेट उरली आहे का, हे आजच विचारा. तोवर निवेदनाचे भाग वेगळे काढून ठेवा, कारण मेळाव्यात सर्वांना तेच ऐकायचे असतील.

पहाटवारा
केंद्राला आत्ताच लिहिले आहे. निवेदनाचे भाग आज रात्री वेगळे करते.