360 मध्ये 273 चे जुने लोखंडी अ‍ॅडजस्टेबल रॉकर: ठेवू की काढू?

डार्टवाला_कँटन

नमस्कार मंडळी. मुक्काम मिशिगन, गाडी 1967 ची डॉज डार्ट. तिचं मूळ 273 (घनइंचांचं व्ही-8 इंजिन) आधीच्या मालकानेच काढलं होतं, आता आत 360 आहे. हेड 'J' कास्टिंगचे, इनटेक व्हॉल्व्ह 2.02 इंचाचे. कॅम सॉलिड फ्लॅट टॅपेटचा, म्हणजे गॅप हाताने सेट करावा लागतो. कॅमच्या कार्डावर लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप, 0.480 इंच (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचं गुणोत्तर 1.5 धरून) आणि लॅश, म्हणजे रॉकर-व्हॉल्व्हमधला गॅप, दोन्हीकडे 0.018. शिफ्ट 6200 ला, त्याच्या वर नेत नाही. हवा चांगली असली की ऑफिसला हीच गाडी, पोरांना आइस्क्रीमला हीच, आणि उन्हाळ्यात मिलन ड्रॅगवेवर पाव मैल.

स्वॅप मीटमध्ये 273 च्या लोखंडी अ‍ॅडजस्टेबल रॉकरचा अख्खा संच शाफ्टसकट मिळाला, तो बसवलाय. टॅपेट सेट केले की थोडे दिवस शांत, मग डाव्या बाजूने टिकटिक सुरू. उघडून बघितलं तर काही रॉकरचा गॅप वाढलेला असतो. हे एक वेळ समजू शकतो. पण काही ठिकाणी फिलर (गॅप मोजायची पट्टी) बरोब्बर 0.018 चा जातो, तरी आवाज त्याच रॉकरचा! हे काय गौडबंगाल?

ट्रॅकवरचे मित्र म्हणतात, हे भंगार फेक आणि अ‍ॅल्युमिनियमचे, टोकाला रोलर असलेले रॉकर घे. तेवढ्या पैशांत मला मागचे स्लिक्स (रेसचे गुळगुळीत टायर) येतात. काय करू?

ह्यूस्टनकर

रोलर घे आणि मोकळा हो. जुन्या लोखंडावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, भाऊ.

बाराकुडा_काका

ह्यूस्टनकर, घाई नको. दुसऱ्याच्या खिशातून रोलर घ्यायला सांगणं फार सोपं असतं.

माझ्या 1965 च्या बाराकुडात हेच रॉकर आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. 1964 ते 1967 पर्यंत 273 सॉलिड टॅपेटवर यायचं, म्हणून कंपनीने हे रॉकर दिले. इंजिन गरम असताना इनटेक 0.013 आणि एक्झॉस्ट 0.021, हे तेव्हाचं फॅक्टरी सेटिंग. 1968 ला हायड्रॉलिक टॅपेट आले आणि त्यांच्याबरोबर पत्र्याचे दाबून केलेले स्वस्त रॉकर. म्हणजे तुझ्याकडचा माल त्या पत्र्यापेक्षा कितीतरी दणकट आहे. 1970 च्या चॅलेंजर टी/ए आणि एएआर कुडाच्या 340 ला कंपनीने पुन्हा अ‍ॅडजस्टेबल रॉकर दिलेच होते, तेही हायड्रॉलिक कॅमवर. 0.480 लिफ्ट आणि 6200 आरपीएम ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट नाही.

आता तुझी दुखणी. ती दोन वेगवेगळी आहेत, एकात एक मिसळू नकोस.

गॅप वाढतो तो स्क्रूमुळे. या रॉकरला चेकनट (स्क्रू जागी आवळून धरणारा नट) नसतो. स्क्रूचे आटे मुद्दाम घट्ट केलेले असतात आणि त्या घट्टपणावरच तो जागेवर राहतो. साठ वर्षांत कोणी कोणी किती वेळा फिरवला असेल देव जाणे. पाना लावून प्रत्येक स्क्रू फिरवून बघ. हाताला चांगला जोर जाणवला पाहिजे. लोण्यासारखा फिरला तर तो सेटिंग धरणारच नाही. नवीन स्क्रू टाक, आणि त्यानेही घट्ट होत नसेल तर रॉकरचेच आटे गेलेत, तो रॉकर बाद.

फिलर बरोबर दाखवतो आणि तरी वाजतं, त्याचं उत्तर रॉकरच्या तोंडात आहे. रोलर नसल्यामुळे तोंड व्हॉल्व्हच्या टोकावर घासत राहतं आणि तिथे खड्डा पडतो. फिलरची सरळ पट्टी त्या खड्ड्याच्या दोन काठांवर टेकते, तळाला पोचतच नाही. पट्टी 0.018 सांगते, पण व्हॉल्व्हचं टोक खड्ड्यात असतं, त्यामुळे खरा गॅप जास्त असतो. डायल गेज लावून रॉकर वरखाली हलव, लगेच कळेल.

शाफ्ट काढशीलच तेव्हा आणखी एक बघ. आपल्या एलए इंजिनात (273, 340, 360 सगळी याच घराण्यातली) रॉकरला तेल पुशरॉडमधून, म्हणजे टॅपेटकडून रॉकरला ढकलणाऱ्या दांडीतून, येत नाही. कॅमच्या दोन आणि चार नंबरच्या बेअरिंगकडून हेडमधून शाफ्टमध्ये चढतं, तेही सलग नाही, तुटक तुटक. पुशरॉड आणि व्हॉल्व्ह दोघेही रॉकरला वर रेटतात, त्यामुळे भार शाफ्टच्या खालच्या अंगाला येतो आणि तेलाची भोकं खालीच हवीत. ओळखायची खूण म्हणजे शाफ्टच्या टोकाची खाच. ती इंजिनाच्या मध्याकडे, आणि डाव्या बँकेत पुढे, उजव्या बँकेत मागे. शाफ्ट उलटा बसला तरी इंजिन चालतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि रॉकर आतून खाल्ले जातात.

पुशरॉड कुठले घातलेस ते लिहिलं नाहीस. या रॉकरला वरच्या टोकाला वाटी असलेले लागतात, कारण स्क्रूच्या खाली गोळी असते. लांबी अशी हवी की स्क्रूचे एक-दोन आटेच खाली दिसावेत.

उद्यमनगर_ग्राइंडिंग (कोल्हापूर)

काकांचं खड्ड्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आमच्याकडं अ‍ॅम्बेसिडरचे रॉकर अजून येतात, तिथंबी हेच दुखणं. फिलर 15 चा जातोय आणि टॅपेट खडखड वाजतंय. गिऱ्हाईक म्हणतं सेटिंग चुकलं. सेटिंग चुकलेलं नसतंय ओ, रॉकरला खळगा असतोय.

तोंड ग्राइंड करता येतं, पण हातानं नको, फिक्स्चरमध्ये धरूनच. मूळ गोलाई राखायची आणि खळगा जाण्यापुरतंच काढायचं. वरचा कडक थर पातळ असतोय. तो गेला की पुन्हा खळगा पडायला वेळ लागत नाही. खळगा खोल असला तर आम्ही सरळ नाही म्हणतो. व्हॉल्व्हची टोकंबी बघा, तीबी त्याच वेळी फेस (सपाट) करून घ्या.

डार्टवाला_कँटन

काका, दादा, दोघांचेही आभार. काल रात्री डावी बाजू उघडली. तीन स्क्रू बोटाने फिरतील इतके सैल. दोन तोंडांवर खड्डा नखाला लागतोय, आणि ते दोन्ही रॉकर वाजणाऱ्यांपैकीच. खाच बरोबर होती. पुशरॉड वाटीचेच आहेत, पण चार-पाच आटे खाली दिसतात, म्हणजे आखूडच.

हात लागलाच होता म्हणून हलकी स्प्रिंग लावून डायल गेजने लिफ्ट मोजली. एका चांगल्या रॉकरवर शून्य लॅशला 0.458 आली. कॅमचा लोब (उंचवटा) 0.320 चा, म्हणजे गुणोत्तर 1.43 पडतं. 1.5 कुठे गेलं?

बाराकुडा_काका

1.5 कागदावर. जुन्या रॉकरवर एवढी तूट नवी नाही, त्यात लॅशचे 0.018 अजून वजा होतील. रोलरवाले म्हणतील, बघ, लिफ्ट मिळेल. मिळेल थोडी. पण आधी लांब पुशरॉड घाल, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावून रॉकर कुठे घासतोय ते बघ, आणि पुन्हा मोज. गोळी इतकी खाली लोंबत असताना रॉकरचा कोन बिघडतो, काही तूट तिथलीच असेल.

आणि स्प्रिंग. बसलेली सुमारे 120 पाउंड आणि पूर्ण उघडलेली 300 च्या आसपास, या कॅमला मी याच्या वर जाणार नाही. जास्त कडक स्प्रिंग टाकलीस तर ग्राइंड केलेली तोंडं पुन्हा खाल्ली जातील आणि फ्लॅट टॅपेटचा कॅमही जाईल. पुढे कधी 0.550 च्या कॅमवर गेलास तर रोलरचा विषय काढ, तोवर नाही. तेव्हाही रस्त्यावरच्या गाडीला मी स्टीलचेच घेईन. अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक फेऱ्याला थकत जातं आणि तुझी गाडी ऑफिसलाही जाते.

डार्टवाला_कँटन

ठरलं. स्क्रू आणि दोन रॉकर मागवतो, आणि लांबी मोजायचा पुशरॉडही. उजवी बाजू शनिवारी उघडतो. स्लिक्सचे पैसे बाजूला ठेवलेत, बायकोला सांगू नका.