अशोक एका दिवसात बदलला का? पोरीला काय सांगू

संत्राबर्फी:
दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो होतो, तिथं गर्दीत पोरीनं विचारलं की आज अशोक विजयादशमी काऊन म्हणतात. मी म्हटलं कलिंगचं युद्ध पाहून त्याले वाईट वाटलं अन् तो बौद्ध झाला. ती म्हणे, एका दिवसात? मी गप्प. सातवीतली आहे, ऐकत नाही.

गोकुळपेठ_कट्टा:
एका दिवसात नाहीच ताई. दसऱ्याचं परंपरेनं चालत आलंय, बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षेसाठी तोच दिवस घेतला, पण अशोकाच्या लेखांत अशी तिथी नाही. तेराव्या शिलालेखात तो स्वतःच सांगतो, अभिषेकाला 8 वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं, दीड लाख लोक धरून नेले, एक लाख मारले. अन् लघु शिलालेखात चक्क कबुली, की अडीच वर्षांच्या वर झालं मी उपासक आहे पण पहिलं वर्षभर काही जोर लावला नाही. राजा बे तो, अन् स्वतःचा आळस दगडावर कोरून राहिला!

कडू_काढा:
लईच वाहून नका जाऊ. धौली-जौगडला, म्हणजे खुद्द कलिंगात, तो पश्चात्तापाचा तेरावा लेख कोरलाच नाही. ज्यांची माणसं मेली त्यांच्यापुढंच गप्प. वरून त्याच लेखात जंगलातल्या लोकांना दम भरलाय, आणि देहदंड पण बंद नाही केला, दुसऱ्या एका लेखात शिक्षेआधी फक्त 3 दिवसांची सवलत दिली.

गोकुळपेठ_कट्टा:
बरोबर आहे, पण त्याजागी तिथं काय कोरलं ते पण सांगा ना. सगळी माणसं माझी लेकरं, अन् अधिकाऱ्यांनो कोणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका. माफीपेक्षा हे जास्त कामाचं नाही का?
आणि ताई, पुस्तक कशाला, अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात जा. नागभीडजवळच्या देवटेकचा शिलालेख तिथं आणलाय, जनावरं पकडू-मारू नका असा ब्राह्मीतला हुकूम, वर्ष 14. राजाचं नाव नाही त्यात, पण पुराभिलेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा, म्हणजे धर्माचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा मानलाय. त्याच दगडावर मागाहून विदर्भातल्या वाकाटक राजांनीही आपला लेख कोरला.

संत्राबर्फी:
देवटेक?? अहो माझं सासर नागभीडचं, इतक्या वर्षांत कोणी बोललं नाही! रविवारी नेते पोरीले. तिले ते अडीच वर्षांचं लईच आवडलं, आता गणिताचा विषय काढला की म्हणते, आई मी उपासक आहे पण सध्या पहिलं वर्ष चालू आहे.