भरलेल्या बांध्यासाठी मापाची आणि देखणी ब्रा: माझे नेमके काय चुकते आहे?

निशिगंधा:

नमस्कार. विषय थोडा संकोचाचा आहे, परंतु येथे अनेकजणी मोकळेपणाने लिहितात म्हणून विचारण्याचे धाडस करते. माझे वय ४३ आहे, बांधा भरलेला आहे आणि गेली कित्येक वर्षे मी ४२ सी या मापाची ब्रा वापरत आले आहे. हे माप मला एका दुकानात छातीखाली फीत धरून, आलेल्या आकड्यात ४ इंच मिळवून सांगण्यात आले होते. सकाळी घालताना ती ठीक वाटते, पण दुपारपर्यंत पाठीमागची पट्टी वर चढत जाते, कपाच्या वरच्या काठातून मांस बाहेर येते आणि अंगातल्या कपड्यावरून दोनाऐवजी चार उंचवटे दिसू लागतात. संध्याकाळी ब्रा काढल्यावर खांद्यांवर करंगळी बसेल एवढे खोल वळ उठलेले असतात. म्हणून मी ४४ घेऊन पाहिली, तर ती अधिकच वर चढली.

काल घरीच फीत घेऊन मोजले. छातीच्या खाली ३८ इंच भरले आणि छातीच्या सर्वांत भरीव भागावर ४५ इंच.

दुसरी तक्रार दिसण्याची आहे. माझ्या मापात जे समोर ठेवले जाते ते बहुधा जाड कापडाचे आणि एकाच फिकट बदामी रंगाचे असते, जणू या मापाच्या बाईला रंग आणि लेस यांची गरजच नाही. आधारही मिळावा आणि आरशात पाहताना स्वतःला बरेही वाटावे, ही अपेक्षा अवास्तव आहे का?

टाकादोरा:

निशिगंधाताई, अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. मी गेली नऊ वर्षे स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या ब्रा घरी शिवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमचे सगळे त्रास एकाच कारणाचे आहेत: पट्टी मोठी आहे आणि कप लहान आहे. ब्राचा बहुतेक भार छातीखालच्या पट्टीने उचलायचा असतो, खांद्यांवरच्या पट्ट्यांनी नव्हे. पट्टी सैल असली की पुढचे वजन तिला खाली ओढते, मागची बाजू वर जाते, आणि मग आपण खांद्याच्या पट्ट्या आवळून ते वजन खांद्यांवर टांगतो. तुमच्या खांद्यांवरचे वळ तेथून आलेले आहेत. ४४ घेतल्यावर ती अधिक चढली यात म्हणूनच नवल नाही.

आता आकडे पाहा. ४५ मधून ३८ वजा केले तर ७ इंच उरतात. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक इंचाला एक कप धरतात आणि क्रम ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ असा जातो. म्हणजे तुमचे आरंभीचे माप ३८ एफ येते. दुकानात ४ इंच मिळवल्यामुळे पट्टी ४२ झाली, फरक ३ इंचांवर आला आणि तुमच्या हाती ४२ सी पडली. कपाचे अक्षर स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही, ते पट्टीच्या आकड्याशी बांधलेले असते: ४२ सी, ४० डी आणि ३८ डीडी या तिन्ही ब्रांच्या कपात सारखीच जागा असते. तुम्हाला ३८ एफ हवी असताना तुम्ही ३८ डीडीएवढ्या कपात दिवस काढत आहात, म्हणजे पूर्ण दोन कप कमी. चार उंचवटे त्या दोन कपांचे आहेत.

४ इंच मिळवण्याची पद्धत फार जुनी आहे. आजच्या पट्टीत इलास्टेन हा ताणला जाणारा धागा असतो, जो १९५८ साली अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीत तयार झाला. ती पट्टी स्वतःच ताणली जात असल्याने वरून सूट देण्याचे कारण उरत नाही. मात्र काही उत्पादक अजूनही ती भर धरूनच पट्ट्या कापतात, त्यामुळे ३८ हा आकडा शेवटचा निकाल न मानता पहिला अंदाज मानावा. तसेच डीडीच्या पुढची अक्षरे अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतींत वेगवेगळी आहेत. ब्रिटिश एफ ही अमेरिकी क्रमाने साधारण जी होते. लेबलवर कोणती पद्धत आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘एफ’ हे अक्षर ऐकून दचकू नका. १९३२ साली एस. एच. कॅम्प या अमेरिकी कंपनीने कपांना अक्षरे दिली तेव्हा ती ए ते डी एवढीच होती, आणि डी म्हणजे फार मोठी अशी समजूत अजूनही लोकांच्या मनातून गेलेली नाही. सडपातळ अंगावर डी कप सहज असू शकतो आणि तो कोणाला मोठा वाटतही नाही.

मोजतानाची एक गोष्ट सांगायची राहिली. भरलेल्या अंगावर छातीखालचे मांस मऊ असते आणि फीत आवळली की दबते, तर फासळ्या वर असलेल्या बाईची छाती दबत नाही. म्हणून एकदा फीत अलगद टेकवून आणि एकदा श्वास सोडून घट्ट धरून मोजा. दोन्हींत २ इंचांहून अधिक फरक पडत असेल तर घट्ट मापाकडे झुकलेले बरे. भरीव भागाचे माप उभे राहून आणि कमरेतून पुढे वाकून असे दोनदा घ्या, कारण वजनाने खाली झुकलेली छाती उभ्याने मोजली तर आकडा हमखास कमी येतो.

रानजाई:

वरील उत्तरातील हिशेब अगदी योग्य आहे, पण हिशेबाने केवळ कोणत्या खणात शोधायचे तेवढेच कळते. त्याच मापाच्या दोन ब्रांपैकी एक अंगाला लागते आणि दुसरी नाही, याचे कारण आकार. वरचा भाग ओघळलेला आणि खालचा भरलेला असेल तर उंच, बंद कपात वर पोकळी राहते आणि कापड सुरकुतते. अशा वेळी काठाला ताणली जाणारी लेस असलेला कप घ्यावा. वरचा भागच भरलेला असेल तर पूर्ण झाकणारा कप बरा. दोन्ही बाजू समान नसतील, आणि बहुतेकींच्या नसतातच, तर मोठ्या बाजूच्या मापाने घ्यावे.

आणखी एक मत मांडते, ते कोणाला पटेल वा न पटेल. मोठ्या मापात साच्यातून काढलेले गुळगुळीत, फोमचे कप टाळावेत. ते ताट पालथे घातल्यासारखे उभे राहतात आणि आतल्या छातीचा आकार काहीही असो, स्वतःचाच आकार दाखवतात. दोन किंवा तीन तुकडे जोडून शिवलेला कप आतून धरून ठेवतो आणि वर उचलतो. बगलेच्या बाजूला जाळीचा उभा तुकडा असेल तर बाजूला पसरणारे मांस पुढे येते आणि कंबर मोकळी दिसू लागते. पातळ झिरझिरीत कापडावरून शिवण उठून दिसेल, हा त्याचा तोटा आहे, आणि मी तो आनंदाने पत्करते.

ब्रा घालून पाहताना पट्टी सर्वांत बाहेरच्या हुकावर लावावी, कारण ती वापरात सैल होत जाते आणि आतले हुक पुढच्या महिन्यांसाठी लागतात. मग थोडे पुढे वाकून, हात कपात घालून बगलेकडचे सगळे मांस पुढे घ्यावे. हे केल्याशिवाय कोणत्याही कपाविषयी मत बनवू नये. वायरची ब्रा असेल तर दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडाला चिकटून बसला पाहिजे, आणि वायरचे टोक बगलेत मांसावर नव्हे तर मांसाच्या मागे आले पाहिजे. दोन्ही हात वर करून पाहा; पट्टी जागची हलली तर ती परत करावी.

अबोली:

मी मापाविषयी बोलत नाही, कारण वरच्या दोघींना अधिक समजते. मी परिचारिका आहे आणि एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छिते. छातीखालच्या घडीत घाम साचून त्वचा लाल होणे, चुरचुरणे, वास येणे हे मोठ्या छातीच्या स्त्रियांमध्ये नित्याचे आहे आणि कित्येकजणी ते लाजेपोटी अंगावर काढतात. घडी धुऊन टिपून पूर्ण कोरडी करावी, पट्टीला आतून सुती अस्तर असेल असे पाहावे, ओली झालेली ब्रा दिवसभर ठेवू नये. पुरळ काही दिवसांत गेले नाही तर डॉक्टरांना दाखवावे, कारण तेथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि त्याचे औषध वेगळे असते. छातीत नवी गाठ, त्वचेला खळी किंवा स्तनाग्रातून स्राव दिसला तर मापाची चर्चा बाजूला ठेवून लगेच तपासून घ्यावे.

निकरविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. कमरेची पट्टी गुंडाळली जात असेल तर माप लहान आहे किंवा पट्टी पोटाच्या घडीतच बसते आहे; घडीच्या वर जाणारी उंच निकर घ्यावी आणि माप कमरेवरून न घेता नितंबांच्या सर्वांत रुंद भागावरून घ्यावे.

निशिगंधा:

तिघींचेही मनःपूर्वक आभार. या आठवड्यात दुसऱ्या एका दुकानात जाऊन ३८ एफ, ३८ एफएफ (म्हणजे एफच्या पुढचा कप) आणि ४० ई अशा तिन्ही मापांत शिवलेल्या कपाच्या ब्रा घालून पाहिल्या. विक्रेतीने प्रथम मान हलवली आणि मला पुन्हा ४२ दाखवली, पण मी आग्रह धरला.

३८ एफ घातली तेव्हा पहिल्या क्षणी श्वास अडकल्यासारखे वाटले आणि मी ती काढणारच होते. मग रानजाईंनी लिहिल्याप्रमाणे मांस पुढे घेतले, आणि मधला तुकडा आयुष्यात प्रथमच हाडाला टेकला. वाकले, हात वर केले, खुर्चीवर बसून पाहिले. पाठीची पट्टी आडवी, सरळ, जेथल्या तेथे. आरशात मला माझी कंबर दिसली, जी मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. पूर्वी छाती आणि पोट यांच्यामध्ये जागाच नसे. गडद हिरव्या रंगाची, वरच्या अर्ध्या कपाला लेस असलेली एक घेतली. ३८ एफएफमध्ये वर पोकळी राहत होती.

आता एकच शंका उरली आहे. चार तासांनंतर पट्टीखाली लाल रेघ दिसते. ती घट्ट आहे म्हणून का? ४० ई घ्यायला हवी होती का?

टाकादोरा:

हिरवा रंग निवडल्याबद्दल अभिनंदन. लाल रेघ तासाभरात मावळत असेल आणि तेथे दुखत नसेल तर चिंता नको. मोज्याच्या रबराचाही असाच ठसा उमटतो. मात्र त्वचा सोलली जात असेल, श्वास पूर्ण घेता येत नसेल किंवा संध्याकाळी फासळ्या दुखत असतील तर ४० ई योग्य, कारण तिच्या कपातली जागा ३८ एफएवढीच असते. त्याआधी पट्टीची लांबी वाढवणारी हुकांची जोडपट्टी लावून दोन आठवडे ही वापरून पाहा. पट्टी थोडी सैल झाली की जोडपट्टी काढून टाकता येते.

आणखी दोन ब्रा घ्या आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे ताणलेल्या इलास्टिकला पूर्ववत व्हायला वेळ मिळतो. हुक लावून, थंड पाण्यात, हाताने धुवा. पिळू नका आणि ड्रायरमध्ये तर कधीच टाकू नका, कारण इलास्टिकचा खरा शत्रू उष्णता आहे. खांद्याच्या पट्टीवर ओली ब्रा टांगली तर ती पट्टी लांबते, म्हणून मधल्या तुकड्यावरून दोरीवर टाका. आणि सहा महिन्यांनी, किंवा वजनात फरक पडल्यास त्याआधीच, फीत पुन्हा काढा.

निशिगंधा:

रेघ तासाभरात जाते आणि दुखत नाही. जोडपट्टी आणली आहे. आता त्याच मापात काळी लेस शोधते आहे, मिळाली की येथे कळवीन.