पट आधी घसरला की दर्जा?

नेहमी म्हटलं जातं की शिक्षक शिकवत नाहीत म्हणून तालुक्याच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळा ओस पडल्या. माझा अनुभव उलट क्रमाचा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला पट, म्हणजे मुलांची संख्या, 60 पर्यंत असेल तर दोनच शिक्षक, 61 झाले की तिसरा. म्हणजे चार-पाच मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी माध्यमाला गेली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. उरलेल्या दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. त्यात एक जण पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती नाहीतर निवडणुकीच्या कामात. मग पुढच्या जूनमध्ये पालक म्हणतात, "तिथं एका खोलीत दोन-दोन वर्ग बसवतात." आणि आणखी दाखले निघतात.

माझी मुलगी अशाच शाळेत चौथीपर्यंत शिकली. बाईंनी तिला वाचायला लावलं, घडाघडा. त्या बाईंची बदली झाली तेव्हा आम्ही पालक हळहळलो, पण पटासाठी दारोदार फिरलो नाही, याची मला आजही खंत आहे. उलट, शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत गाव जिल्हा परिषद शाळेमागे उभं राहिलं आणि प्रवेशासाठी रांग लागली.